हवेनं भरलेलं हाड

कानाच्या पाळीमागे बोट दाबलं की टणक उंचवटा लागतो, तो मास्टॉइड, कानशिलाच्या हाडाचा एक भाग. बाहेरून भरीव वाटतो, पण बहुतेक माणसांत आतून पोकळ असतो. पातळ हाडाच्या भिंती, त्यांच्यामध्ये लहानमोठे कप्पे आणि कप्प्यांत हवा. ही हवा नाकामागून येते: युस्टेशियन नळीतून मध्यकर्णात, तिथून अँट्रम नावाच्या मोठ्या कप्प्यात आणि पुढे या बारीक कप्प्यांमध्ये. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी बोन सेटमधलं कानशिलाचं हाड हातात घेऊन मी यावर व्हायवा दिली होती. तरीही रेडिओलॉजीत पीजीला आल्यावर त्याच हाडाचा सीटी पहिल्यांदा समोर उघडला, तेव्हा मी नुसती बघत राहिले.

आमचं सरकारी मेडिकल कॉलेज. दुपारनंतर ईएनटी ओपीडीतून आलेले स्कॅन रिपोर्टिंगला लागायचे. केसपेपरवर बहुधा एकच ओळ: 'लहानपणापासून कान वाहतो', नाहीतर 'ऐकू कमी येतं'. कानशिलाच्या हाडाचा सीटी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या शेकडो चकत्या. मेंदू पाहायच्या विंडोवर, म्हणजे छटांच्या पट्टीवर, हा भाग म्हणजे नुसता पांढरा गोळा. रिपोर्टिंग शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विंडो बदलायला शिकवलं. रुंदी ४०००, पातळी ७०० केली आणि त्या पांढऱ्या गोळ्यातून एकेक गोष्ट वर आली. शंखासारखा वळलेला कॉक्लिआ, तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, आणि मॅलिअस व इन्कस ही हाडं एकमेकांना टेकलेली. या जोडीला सगळे रेडिओलॉजिस्ट 'आइस्क्रीम कोन' म्हणतात, आणि तो कोन सापडला की तिथून पुढचा रस्ता धरता येतो.

हे सगळं मला लवकर ओळखू यायला लागलं, कारण आतला कान आणि ही बारीक हाडं माणूस जन्मतो तेव्हाच जवळपास पूर्ण मापाची असतात. दहा जणांचे स्कॅन उघडा, त्यांत फरक थोडाच. गोंधळ होता तो हवेच्या कप्प्यांचा. एकाच्या स्कॅनमध्ये ते कप्पे कानाच्या वर, पुढे गालाच्या हाडाच्या मुळापर्यंत पसरलेले. दुसऱ्या मुलीचा उजवा मास्टॉइड काळाभोर, म्हणजे हवेनं भरलेला, आणि डावा नुसता घट्ट पांढरा, मध्ये अँट्रमची इवलीशी पोकळी. तिसऱ्या माणसाला चक्कर येत होती. त्याचे कप्पे मागे पश्चकपालाच्या हाडात आणि आत थेट कवटीच्या तळाच्या मध्यापर्यंत गेलेले, दोन्ही बाजूंनी. मी मॅडमना विचारलं, "यातलं नॉर्मल कोणतं?" त्या म्हणाल्या, "तिसऱ्याचं नॉर्मल आहे. पहिल्याचंही. दुसरीचा उजवा कान तिचा नॉर्मल आहे, डावा त्याच्याशी ताडून बघ."

तिसऱ्या वर्षाच्या धिंग्रांच्या पुस्तकात मास्टॉइडचे तीन प्रकार आहेत: हवेच्या कप्प्यांनी भरलेला, मगजानं भरलेला आणि घट्ट हाडाचा. परीक्षेला ते पुरतात. कन्सोलवर बसल्यावर एकाच माणसाच्या एकाच बाजूला तिन्ही सापडतात. टोकाला हवा, मध्ये मगज, अँट्रमभोवती घट्ट हाड. आणि दोन बाजू एकसारख्या आहेत की नाहीत हे ठरवायच्या आधी डोकं गँट्रीत सरळ होतं का, ते बघावं लागतं. रुग्णानं मान जराशी कलती केली, तरी एका चकतीत डाव्या कानाचा वरचा भाग आणि उजव्याचा खालचा भाग येतो, आणि दोन्ही बाजू वेगळ्याच भासतात. म्हणून आडव्या अर्धवर्तुळाकार नळीला धरून चकत्या पुन्हा सरळ करायच्या, मग तुलना. या एका सवयीनं माझा निम्मा गोंधळ निवळला.

उरलेला निम्मा निवळायला हे हाड वाढतं कसं, हे समजून घ्यावं लागलं. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी तपासायच्या एका लहानग्याचा स्कॅन आला, तेव्हा आतला कान अगदी मोठ्या माणसासारखा, आणि मास्टॉइडच्या जागी जवळपास काहीच नाही. मूल जन्मतं तेव्हा अँट्रम तयार असतो, त्याच्यावर हाडाचं आवरण फक्त दोनेक मिलिमीटरचं. हे आवरण वर्षाला साधारण एक मिलिमीटरनं वाढत मोठ्या माणसात १२ ते १५ मिलिमीटर होतं. कानामागचा उंचवटा दुसऱ्या वर्षात आकार घेऊ लागतो आणि कप्पे बालपणभर पसरत राहतात. उंचवटा नसतो तोवर चेहऱ्याची नस कानाखाली अगदी त्वचेजवळ असते. म्हणून तान्ह्या मुलाच्या कानामागे छेद घेताना सर्जन तो मोठ्या माणसापेक्षा वर आणि आडवा घेतात. मास्टॉइडला वय असतं, हे त्या लहानग्यानं मला शिकवलं. वय न बघता कप्पे मोजायला बसलं तर निदान चुकू शकतं.

मग एकाच वयाच्या दोन माणसांत एवढा फरक का? यावर शंभर वर्षांहून जुना वाद आहे. जर्मन कानतज्ज्ञ कार्ल विटमाक यांनी १९१८ मध्ये मांडलं, की तान्हेपणी मध्यकर्णाला संसर्ग झाला तर कप्प्यांची वाढ खुंटते. स्वीडनच्या मार्कस डायमंट यांनी १९४० मध्ये उलट बाजू घेतली: कप्पे किती पसरणार हे आनुवंशिकतेनं ठरतं आणि ज्यांचे मुळातच कमी, त्यांचे कान अधिक बिघडतात. मॅडमच्या मते दोन्हींत तथ्य आहे. मी मात्र रोजच्या स्कॅनवरून विटमाककडे झुकले आहे. ज्यांचा एकच कान लहानपणापासून वाहतो, त्यांच्या दोन्ही कानांचे आईबाप तेच, घरही तेच, तरी वाहणाऱ्या बाजूचं हाड पांढरं आणि दुसऱ्या बाजूचं काळं. एवढा मोठा फरक एकट्या आनुवंशिकतेनं मला पटवून देता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांचा कान वर्षानुवर्षं वाहत असतो आणि घरचे सांगतात, "मोठा झाला की आपोआप थांबेल." तो थांबतो की नाही हा पुढचा प्रश्न, पण त्या वर्षांचा परिणाम हाडावर दिसतो.

कानशिलाच्या हाडाचं सर्वांत आतलं टोक म्हणजे पेट्रस एपेक्स. कॅरोटिड धमनी तिथूनच वर चढते, चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचव्या नसेचं गँग्लिऑन त्याच्या माथ्यावर बसतं आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस त्याला चिकटून जाते. सुमारे एक तृतीयांश माणसांत हवेचे कप्पे या टोकापर्यंत पोचतात. बाकीच्यांत तिथे मगज, म्हणजे बहुतांशी चरबी. आणि शंभरात चार ते सात माणसांत एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला मगज असतो. हे आकडे पुस्तकात वाचले तेव्हा फारसे डोक्यात राहिले नाहीत. ते कायमचे बसले एका काकूंमुळे.

पन्नाशीच्या या काकूंचं डोकं बरेच महिने दुखत होतं. बाहेरच्या एका सेंटरला एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, की उजव्या पेट्रस एपेक्सला गाठीसारखी जागा दिसते, कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमाची शक्यता, न्यूरोसर्जनचा सल्ला घ्यावा. मुलगा फाइल घेऊन आमच्याकडे आला तोवर त्यानं मोबाइलवर कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेचं सगळं वाचून काढलेलं. काकू बाहेर बाकावर बसलेल्या. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आईला अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं का?"

मी स्क्रीनवर बघितलं. एमआरआयच्या टी-वन चित्रात उजवं टोक खरंच पांढरंफटक होतं, डावं काळं. नव्यानं शिकणाऱ्या कुणालाही उजवीकडे काहीतरी जास्तीचं आहे असंच वाटावं, मलाही तसंच वाटत होतं. मॅडमनी बघून एकच विचारलं, "आधी कधी डोक्याचा सीटी काढलाय का?" मुलाला आठवलं. काही वर्षांपूर्वी काकू स्कूटरवरून पडल्या होत्या, तेव्हा काढला होता. दुसऱ्या दिवशी तो फिल्म घेऊन आला. कपाटात साड्यांखाली ठेवलेली, मधोमध घडी पडलेली. मॅडमनी ती व्ह्यूबॉक्सला लावली, भिंग घेतलं आणि मला जवळ बोलावलं. छोट्याशा चौकटीत डाव्या टोकाला काळे कप्पे स्पष्ट होते. उजव्या टोकाला कप्पे नव्हते, हाडाची नेहमीची जाळी होती, कुठे फुगवटा नाही, कुठे हाड झिजलेलं नाही. इतक्या वर्षांपूर्वी चित्र हेच होतं.

तरी मॅडमनी खात्री करून घेतली. कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा टी-वनवर पांढरा दिसतो आणि चरबीचा सिग्नल दाबणारी सीक्वेन्स घेतली तरी पांढराच राहतो. शिवाय तो हाड फुगवतो, आतल्या भिंती खाऊन टाकतो. मगजातली चरबी मात्र त्या सीक्वेन्समध्ये काळी पडते. काकूंना पुन्हा मशीनमध्ये घेतलं. कन्सोलच्या काचेआडून मी त्या चित्राची वाट बघत होते. ते आलं, आणि उजवं टोक आजूबाजूच्या चरबीबरोबर काळं पडलं. गाठ नव्हतीच. डाव्या बाजूला हवा होती म्हणून तिथून सिग्नल येत नव्हता, आणि त्या काळ्याशेजारी उजवीकडची साधी चरबी आजारासारखी दिसत होती. वेगळी बाजू डावी होती, आणि तीही निरोगीच.

मॅडम स्वतः बाहेर जाऊन काकूंजवळ बसल्या. "काकू, तुमच्या हाडाची ठेवणच अशी आहे. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला चरबी. आजार नाही, ऑपरेशन नाही." काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डोकं का दुखतंय?" हा प्रश्न अगदी रास्त होता. मॅडमनी त्यांना मेडिसिन ओपीडीला पाठवलं. तिथे मायग्रेनचं निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. एका निरुपद्रवी वेगळेपणानं खऱ्या दुखण्याकडचं लक्ष किती दूर नेलं होतं, याचा विचार मी नंतर खूप केला. अशा गोष्टी ओळखून त्यांना हात न लावणं हा रेडिओलॉजीचा मोठा भाग आहे, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

याचा अर्थ हे वेगळेपण रिपोर्टमध्ये लिहायचंच नाही, असा नाही. आजार नसलेली रचनाही सर्जनच्या हातात आली की जीवनमरणाची होऊ शकते. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य फॉन बर्गर यांनी १७९१ मध्ये बहिरेपणावर उपाय म्हणून स्वतःचा मास्टॉइड उघडून घेतला आणि मेंदूच्या आवरणाच्या संसर्गानं ते दगावले. त्यानंतर ही शस्त्रक्रिया बराच काळ बदनाम राहिली. श्वार्ट्झे आणि आयझेल यांनी १८७३ मध्ये ती पद्धतशीर मांडल्यावर तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. तेव्हा आत काय आहे हे आधी बघायची सोयच नव्हती. आज आहे, आणि ते बघून सांगणं आमचं काम आहे.

ते काम कशासाठी, हे मला ईएनटीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कळलं. मास्टॉइडची शस्त्रक्रिया बघायला सरांनी परवानगी दिली. मायक्रोस्कोपला जोडलेल्या मॉनिटरवर कानामागचं हाड भरून दिसत होतं. हाड कोरणारा बर फिरायला लागला, त्यावर पाण्याची धार, हाडाचा पांढरा चिखल सक्शनमध्ये जात होता. वरचा थर गेला तसे कप्पे उघडत गेले, त्यांच्या भिंती ओल्या आणि चकचकीत. मग एक सपाट, गुळगुळीत पातळ पत्रा आडवा आला. सर थांबले. "काय वाटतं? अँट्रमची आतली भिंत?" तसंच वाटत होतं. "नाही. हा कोर्नर्स सेप्टम. अँट्रम याच्या मागे आहे. इथेच थांबलं तर आजार आत राहतो." हाडाचे दोन भाग जिथे जोडले जातात, तिथला हा उरलेला पडदा. सकाळी कन्सोलवर तो मला केसाएवढी पांढरी रेघ म्हणून दिसला होता. त्या रेघेवर सर्जनचा हात थांबतो, हे डोळ्यांनी बघितल्यावर ती रेघ रिपोर्टमध्ये लिहायचा कंटाळा कधीच येत नाही.

अशा आणखी गोष्टी आहेत. घट्ट पांढऱ्या मास्टॉइडमध्ये सिग्मॉइड सायनस ही मोठी नीला बहुधा पुढे सरकलेली असते, आणि बर तिच्याजवळ पोचायला फार वेळ लागत नाही. मेंदूला कानापासून वेगळं करणारं हाडाचं छत कुणाचं खाली झुकलेलं असतं, कुणाच्या जुग्युलर नीलेचा फुगवटा मध्यकर्णात वर आलेला असतो. आणि एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ऐकण्याची नस जिथून मेंदूकडे जाते त्या नळीच्या मागच्या भिंतीत काहींना हवेचे कप्पे असतात. त्या नसेवरची गाठ काढताना सर्जन मागून येऊन ती भिंत बरनं खरवडतात. कप्पा उघडा राहिला तर मेंदूभोवतीचं पाणी कप्प्यांतून मध्यकर्णात, तिथून युस्टेशियन नळीतून नाकात झिरपतं. रुग्णाला वाटतं सर्दी झाली, आणि तो मेनिंजायटिसच्या वाटेवर असतो. आधी माहीत असलं की सर्जन ते कप्पे मेणानं किंवा स्नायूच्या तुकड्यानं बंद करतात. रिपोर्टमधल्या एका वाक्यानं हे टळू शकतं.

संसर्गही याच वाटांनी जातो. टोकापर्यंत कप्पे असलेल्या माणसाचा कान बिघडला तर पू त्या टोकापर्यंत पोचू शकतो. कान वाहणं, डोळ्यामागे तीव्र वेदना आणि डोळा बाहेर न वळणं, हे त्रिकूट इटलीच्या ग्राडेनिगो यांनी १९०४ मध्ये वर्णिलं. त्यांचं नाव परीक्षेत हमखास विचारतात, पण पाचवी आणि सहावी नस त्या टोकाशी कशी बसली आहे हे स्कॅनवर पाहिलं की पाठ करायची गरजच उरत नाही. अपघाताच्या स्कॅनमध्ये तर या हाडातले जन्मजात सांधे आणि बारीक रक्तवाहिनीच्या नळ्या फ्रॅक्चरसारख्या दिसतात. तिथेही दुसरी बाजू बघायची, तशीच रेघ तिकडे आहे का ते. दातांचे डॉक्टर काढतात त्या ओपीजी एक्स-रेमध्ये गालाच्या हाडाच्या मुळाशी काळे कप्पे दिसतात, तेही बहुधा हेच असतात.

सर्वांत जास्त लोकांना मात्र दुसऱ्याच एका गोष्टीचा मनस्ताप होतो. एमआरआय काढतात मानेसाठी, डोक्यासाठी, आणि मास्टॉइडच्या कप्प्यांत थोडं पाणी दिसतं. सर्दी झालेल्या मुलांत ते दिसतं, आयसीयूत नळी टाकून झोपलेल्या रुग्णांत सर्रास दिसतं. काही ठिकाणी लगेच 'मास्टॉइडायटिस' लिहिलं जातं, आणि ज्याचा कान कधी दुखला नाही तो माणूस अँटिबायोटिक घेत राहतो. खरा मास्टॉइडायटिस सहसा लपत नाही. ताप असतो, कानामागे लाल सूज येते, कान पुढे ढकलला जातो आणि सीटीवर कप्प्यांच्या भिंती विरघळलेल्या दिसतात. भिंती शाबूत असतील, माणूस बरा असेल, तर कप्प्यांत द्रव आहे एवढंच लिहावं, निदान ज्यानं कान तपासला त्याच्यावर सोडावं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

आणि वाचकांना काही विनंत्या. मुलाचा कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नका, ईएनटीला दाखवा, आपोआप थांबायची वाट बघू नका. तुमचे जुने सीटी आणि एमआरआय, फिल्म असो वा सीडी, घडी न घालता जपून ठेवा आणि नव्या तपासणीला जाताना बरोबर न्या. लहानपणी कान फुटला होता का, कानाचं ऑपरेशन झालं होतं का, हे स्कॅन काढणाऱ्याला न विचारताही सांगा. आणि कानशिलाच्या हाडात काही वेगळं दिसलं असं रिपोर्ट म्हणत असेल, तर तो कागद मोबाइलवर शोधत बसू नका. सगळी चित्रं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना दोन्ही बाजू एकत्र बघायला सांगा.